बंद न करायचा नळ

मुलाखत घेणाऱ्या तिघांपैकी मधल्या साहेबांनी विचारलं, "बर्फात काम करायचा काही अनुभव?"

मी ताठ बसलो. "अकरा वर्षं, सर. रोजचा."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. अकरा वर्षं रोज बर्फात काढलेला माणूस त्यांच्यापुढे पहिल्यांदाच बसला असावा. "कुठे?" असा पुढचा प्रश्न आला आणि मी "रत्नागिरी" म्हणताच डावीकडचे साहेब पाणी पिता पिता ठसकले.

खोटं बोललो नव्हतो मी. बंदरावर मासळीसाठी बर्फाच्या लाद्या पाडणारा एक कारखाना आहे. तिथले जनरेटर आणि कॉम्प्रेसर माझ्या ताब्यात होते. लाईट गेली की मी धावायचं आणि लाद्या वितळायच्या आत जनरेटर उठवायचा. बर्फ म्हणजे विजेवर जगणारी आणि जरा दुर्लक्ष झालं की पाणी होणारी नाजूक वस्तू, अशी माझी पक्की समजूत होती. जिथे बर्फाला कोणाचीच गरज नसते, गरज असते ती न गोठलेल्या पाण्याला, अशा ठिकाणी आपण चाललोय हे काही डोक्यात शिरलं नव्हतं. पण जनरेटरबद्दलची माझी उत्तरं बरी गेली असावीत. निवड झाली. पृथ्वीच्या अगदी तळाशी, अंटार्क्टिकात, आपल्या देशाचं एक संशोधन स्टेशन आहे, तिथे मेकॅनिक. वर्षभर.

आता हे "वर्षभर" मी माझ्या मनाने धरलेलं. निवडीचं पत्र दोन पानी होतं. पहिलं पान मी वाडीतल्या प्रत्येक घरी वाचून दाखवलं. दुसरं वाचलं ते थेट केपटाऊनच्या विमानतळावर, वेळ जात नव्हता म्हणून. त्यात लिहिलं होतं की उन्हाळ्यात स्टेशनवर दोन मेकॅनिक असतील. हिवाळ्याआधीचं शेवटचं विमान निघेल तेव्हा स्टेशनप्रमुख दोघांपैकी एकाला ठेवून घेतील, दुसरा परत फिरेल. तिथला उन्हाळा म्हणजे आपले डिसेंबर ते फेब्रुवारी. म्हणजे तीन महिन्यांत मी घरी परतण्याची शक्यता बरोबर अर्धी.

ते पान धरून मी किती वेळ बसलो कोण जाणे. तोवर गावात काय काय होऊन गेलं होतं ते ऐका म्हणजे कळेल.

आमचं गाव पूर्णगडच्या अलीकडे, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर. निघायच्या आदल्या दिवशी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घातलं. गुरवांनी देवाला सगळं समजावून सांगितलं, म्हणजे देवालाही भूगोल शिकवला. "हे आमचं लेकरू पार पृथ्वीच्या शेवटाला चाललंय, बा महाराजा! वरीसभर तिथं ऱ्हाणार हाय, त्याला थंडीवाऱ्यात सांभाळ आणि वरीस भरल्यावर जसं गेलं तसं परत आण, रे महाराजा!" आणि अख्खी वाडी एका आवाजात, "व्हय महाराजा!" म्हणजे देवाबरोबरही वर्षाचाच करार झालेला. एवढ्यावर भागलं नाही. मंडळाच्या पोरांनी नाक्यावर फ्लेक्स लावला. मधे माझा पासपोर्टचा फोटो, डाव्याउजव्या बाजूला पेंग्विन, वर मोठ्या अक्षरांत अभिनंदन आणि खाली "एक वर्षासाठी निवड". आमच्याकडे फ्लेक्स एकदा चढला की पावसाने फाटेपर्यंत कोणी उतरवत नाही. मार्चमध्ये परत आलो असतो तर स्वतःच्याच फ्लेक्सखालून, दोन पेंग्विनांच्या देखत, बॅग घेऊन घरी जावं लागलं असतं. कारखान्यातली नोकरी सोडून आलो होतो ते वेगळंच.

केपटाऊनहून पुढचं विमान मालवाहू. आत शिरताना सांगितलं होतं की कपडे अंगावर एकेक करून चढवा, घाम येऊ देऊ नका, ओलं अंग हा तिथला पहिला शत्रू. मी सगळे एकदम चढवले. न जाणो, उतरताना घाई झाली तर? अर्ध्या तासात मी मे महिन्यात आंब्याच्या पेट्या ट्रकमध्ये चढवल्यासारखा निथळायला लागलो. विमान बर्फाच्या धावपट्टीवर टेकलं, दार उघडलं, वारा आत आला आणि माझा बनियन पाठीवर पापडासारखा कडक झाला.

पण ते राहू दे. बाहेर जे दिसलं ते सांगतो. मला वाटलं होतं डोंगर असतील, उंच उंच. समोर होता सडा. आमचाच सडा. झाड नाही, घर नाही, सरळ आभाळाला जाऊन टेकलेली जमीन आणि आडवा वारा. फक्त काळ्यातांबड्या कातळाच्या जागी पांढरा, आणि जिथे उन्हाचा तिरका कवडसा पडेल तिथे आतून निळा. एवढी स्वच्छ हवा मी कधी पाहिली नव्हती. हवा पाहिली असंच म्हणावं लागेल, कारण दूरचा एकेक दगड असा उठून दिसत होता की हात लांबवून उचलावा. अकरा वर्षं मी ज्याच्या लाद्या पाडल्या ती वस्तू अशी मोकळी, मालक नसलेली, क्षितिजापर्यंत पसरलेली बघून मला एकदम लाजल्यासारखं झालं. टोपी काढावीशी वाटली. काढलीही. कान थोडक्यात वाचले.

स्टेशनवर सामान उघडताना मदतीला आला तो आचारी. कोल्हापूरकडचा, गोलमटोल, आणि हजारो मैलांत मराठी बोलणारा दुसरा एकुलता एक माणूस. त्याने माझ्या बॅगेतून कोकमांचा डबा काढला. आईने तो चारी बाजूंनी सुंभाने आवळून बांधला होता, नारळाच्या काथ्याची ती दोरी हाताला टोचत होती. मग सुके बोंबील निघाले, त्यांचा वास घेऊन त्याने डोळे मिटले. मग निघाली छत्री.

"ही कशाला रं, कोकण्या?"

"असू दे. सवय असते."

"आरं, हितं पाऊसच पडत न्हाई."

"मग काय पडतं?"

"मानसं पडत्यात. बघून चाल."

स्टेशनप्रमुखांना सगळे सर म्हणायचे. पन्नाशीचे, सडपातळ, हवामानाचे मोठे शास्त्रज्ञ. सर हिंदीत बोलायचे. इथे मी त्यांना मराठीत बोलायला लावतोय, त्यांची हरकत नसावी. माझं हिंदी जसंच्या तसं लिहिलं असतं तर मात्र वाचकांची हरकत आली असती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी संडासाकडे गेलो तर सर गुडघ्यावर बसून भांडं घासत होते. आमच्या कारखान्यात मॅनेजर स्वतःची खुर्चीसुद्धा स्वतः सरकवत नसे. मी धावत जाऊन ब्रश धरला.

"सर, द्या इकडे!"

"आज माझी पाळी आहे. तुझी गुरुवारी."

"पण सर, तुम्ही..."

"सोड. गुरुवारी मी काही तुझ्या हातून ब्रश घ्यायला येणार नाही."

आणि खरंच आले नाहीत. भांडी, केर, संडास, बर्फ उपसणं, सगळ्याच्या पाळ्या भिंतीवर लावलेल्या. डॉक्टर असो, शास्त्रज्ञ असो, आचाऱ्याचा हाताखालचा असो, अक्षरांच्या क्रमाने नाव येणार. मी असं काही याआधी फक्त भाषणात ऐकलं होतं.

दुसरा मेकॅनिक केरळचा, माझ्याच वयाचा. अबोल. माझ्यापेक्षा सरस, हे मला पहिल्या दिवशी कळलं आणि मी ते पहिल्या आठवड्यात मान्य केलं. मी जनरेटर आवाजावरून ओळखणारा, तो आवाजावरूनही ओळखायचा आणि वर पुस्तकही वाचायचा. माझे हातमोजे पहिल्याच कामात तेलाने भिजले, तेव्हा त्याने काही न बोलता स्वतःची जादा जोडी माझ्या खाटेवर आणून ठेवली. ज्याच्याशी आपली शर्यत आहे तो असा निघाला की फार पंचाईत होते.

आणि उस्ताद. हिमाचलच्या कुठल्याशा उंचावरच्या गावचे, साठीला टेकलेले, पाण्याच्या पाइपांचे कारागीर. तिथे यायची त्यांची ही पाचवी खेप. उस्ताद दिवसाला पाचसहा वाक्यं बोलायचे आणि त्यातली दोन चहाबद्दल असायची.

स्टेशनला पाणी येतं जवळच्या तळ्यातून. वर बर्फाची साय, खाली पाणी. पंप ते उचलतो आणि जाड आवरणाच्या लांब पाइपातून टाकीत सोडतो. हे सगळं पहिल्या दिवशी उस्तादांनी फिरवून दाखवलं होतं. मी "हां जी, हां जी" करत वाडीच्या ग्रुपवर टाकायला फोटो काढत होतो. त्या वेळी पाच वाक्यांच्या माणसाने चक्क दहा वाक्यं खर्च केली होती. त्यातली निदान चार एका नळाबद्दल असणार, असं आता वाटतं.

त्या नळाकडे यायच्या आधी आमच्या सड्यावरच्या पाण्याबद्दल दोन शब्द. आमच्याकडे पाऊस पडतो तेव्हा जग बुडेलसा पडतो आणि कातळावरून सरळ समुद्रात जातो. एप्रिल लागला की वाडीची विहीर तळ दाखवते. नळाला दिवसाआड पाणी, तेही वीस मिनिटं. टपकता नळ पाहून पुढे जाणारा माणूस आमच्यात जन्माला यायचा आहे. आई तर याबाबतीत कोणाचं ऐकत नाही. एकदा गाडीने मुंबईहून येत होतो. खेड स्टेशनला गाडी थांबली, आईला खिडकीतून फलाटावरचा एक नळ गळताना दिसला. ती उतरली. मी ओरडतोय, गार्डाने शिट्टी मारली, गाडी हलली, तरी आई नळ पिळतेय. शेवटी मी दंडाला धरून तिला वर ओढलं. डब्यातल्या लोकांना वाटलं म्हातारी पाणी प्यायला गेली होती. जागेवर बसल्यावर आई समाधानाने म्हणाली, "बसला एकदाचा!"

तर जानेवारीतली दुपार. जनरेटरच्या खोलीमागे एक लाकडी आडोसा आहे, तिथे मी सकाळी ओलं जॅकेट खिळ्याला अडकवून वाळत घातलं होतं. ते बघायला गेलो तर आवाज आला. टप टप नव्हे, अखंड बारीक धार. पाइपाच्या टोकाला एक लहान नळ, त्यातून करंगळीएवढी धार पन्हळीत पडतेय आणि पन्हळ भिंतीतून बाहेर जातेय. एवढं गोड पाणी, सरळ बाहेर!

एवढे शिकलेले लोक, पण एक नळ बंद करायची अक्कल नाही! मी नळ फिरवला. धार बारीक झाली, थांबेना. मग आणखी पिळला. तरी थेंब थेंब. मग मी माझ्या खोलीत गेलो, कोकमाच्या डब्याचं सुंभ आणलं आणि नळाचा दांडा करकचून आवळून पाइपाला बांधला, ट्रॉलरवरचे खलाशी बांधतात तशी गाठ मारून. थेंब थांबला. मी म्हणालो, "बसला एकदाचा!" कोणी ऐकायला नव्हतं याचंच काय ते वाईट वाटलं. जॅकेट अजून ओलं होतं, ते तिथेच ठेवून मी जेवणघरात चहाला गेलो. फार समाधानाने झोपलो त्या रात्री.

सकाळी नवाला आचाऱ्याने आरोळी ठोकली. "पानी न्हाई! नळाला वारा येतोय नुसता!"

पाच मिनिटांत सगळे बाहेर. उस्ताद पान्याने पाइपावर टकटक करत चालले. वाकून कान लावत होते, फणस पिकला की नाही ते आम्ही थापटून बघतो तसे. पोकळ आवाज आला की पुढे, भरीव आवाज आला की खडूची रेघ. थोड्या वेळाने रेघांमागून रेघा येऊ लागल्या. तळ्यापासून टाकीपर्यंतचा निम्मा पाइप आतून दगड झाला होता.

सरांनी शांतपणे विचारलं, "उस्ताद, नळ?"

"काल संध्याकाळी पाचला माझी फेरी होती," उस्ताद म्हणाले. "तेव्हा ठीक होता."

मी शेजारच्या आचाऱ्याला हळूच विचारलं, "कुठला नळ रे?"

"आरं तो मागच्या आडोशाचा. टाकी भरली की पानी पाइपात थांबतंय, आनि थांबलं की गोठलं. म्हनून तो बारीक सोडून ठेवत्यात. पानी हलतं ऱ्हायला पायजे. पन्हळीतनं परत तळ्यातच जातंय की! भली मोठी पाटी हाय तिथं, बंद करू नका म्हनून. तू बघितली न्हाईस?"

पाटी कशी दिसणार? पाटीच्याच खिळ्याला माझं जॅकेट होतं.

माझ्या पायांना त्या बर्फात आणखी गार पडायला जागा नव्हती, तरी ते गार पडले. थोड्या वेळाने मी काहीतरी निमित्त काढून आडोशात गेलो. जॅकेट बाजूला घडी करून ठेवलेलं. पाटीवर लाल अक्षरं, हिंदीत आणि इंग्रजीत, माझ्याकडे बघतायत. नळ उघडा. आणि सुंभ नाही. खाली पन्हळीत पाहिलं, कोपऱ्यात पाहिलं. नाहीच.

खरं सांगतो, त्या क्षणी मला हायसं वाटलं. कोणीतरी घाईत नळ सोडवला असेल, दोरी कुठेतरी पडली असेल. कोणाला काही कळलेलं नाही. यादी व्हायला तीन आठवडे उरलेत. आपण फक्त गप्प बसायचं. मला नाक्यावरचा फ्लेक्स दिसला, पेंग्विनांसकट. पण त्याच वेळी "काल संध्याकाळी पाचला माझी फेरी होती" हेही ऐकू येत होतं. पाचलाच मी चहाला गेलो होतो. म्हणजे उस्तादांची फेरी एकतर झाली नव्हती, नाहीतर झाली होती आणि ते कोणाला तरी पाठीशी घालत होते. पण हा हिशेब मला त्या वेळी जमला नाही. मला एवढंच वाटलं की म्हातारा माझ्यामुळे खोटा पडणार.

तरीही मी गप्प बसलो. चार तास. लपवण्यासारखं आहे, पण सांगून टाकतो.

ते चार तास मी जे पाहिलं ते मात्र जन्मभर पुरेल. ना कोणी चिडलं, ना "कोणी केलं" म्हणून कोणी विचारलं. उस्तादांनी पाइपाचे जोड सोडायचे, सहासहा जणांनी एकेक तुकडा खांद्यावर घेऊन जनरेटरच्या ऊबेला न्यायचा, तिथे केरळवाल्याने गरम हवेचं नळकांडं लावून आतला बर्फ सोडवायचा, आणि तुकडा पुन्हा जागेवर. आतून बर्फाची काकडी सुळकन बाहेर आली की सगळे ओरडायचे. पृथ्वी किती जुनी ते मोजणारी माणसं, ज्यांची नावं पुस्तकांवर असतात, ती बर्फात घसरत पाइप वाहत होती आणि हसत होती. एक तुकडा फुटला होता. उस्तादांनी हातमोजेसुद्धा काढून, उघड्या हाताने, त्याला नवीन जोड बसवला. बोटं निळी झाली. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. आचारी मधेच येऊन प्रत्येकाच्या तोंडात गुळाचा खडा घालून जायचा, कारण हात कोणाचेच मोकळे नव्हते.

एकच्या सुमारास एक लांब तुकडा घेऊन आम्ही चाललो होतो. सर सर्वात पुढे, त्यांच्यामागे मी, माझ्यामागे उस्ताद, मग बाकीचे. शिमग्याला पालखी अशीच खांद्यावरून जाते, तालात. माझ्या डोळ्यांसमोर सरांची पाठ. जॅकेटवर कोपराला शिवण उसवलेली. त्या शिवणीकडे बघता बघता माझ्या तोंडून निघून गेलं.

"सर."

"बोल."

"तो नळ मी बंद केला."

सरांची चाल मोडली नाही. मान वळली नाही. "पाइप खाली ठेवू नकोस," ते म्हणाले.

"नाही ठेवत. सर, मला वाटलं पाणी वाया चाललंय. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी नसतं. मी पाटी बघितली नाही. म्हणजे पाटीवर जॅकेट माझंच होतं. मी तो बांधूनसुद्धा ठेवला, थेंब राहत नव्हता म्हणून."

मागून कोणीतरी खुसखुसलं. उस्ताद हसतात हे मला माहीत नव्हतं. एका हाताने पाइप सावरत त्यांनी दुसरा हात खिशात घातला आणि माझ्या खांद्यावरून पुढे धरला. हातात सुंभाचं भेंडोळं.

"सकाळपासून खिशात टोचतंय," ते म्हणाले. "कालची फेरी पाचला नाही, साडेचारला झाली होती. पाच म्हणालो तेव्हा अर्ध्या तासाने एवढा फरक पडेल हे मला काय माहीत? नंतर जाऊन नळ पाहिला. ही दोरी या अख्ख्या खंडावर एकाच माणसाकडे आहे."

"आनि गाठ तर बघा!" मागून आचारी ओरडला. "नळ बांधलाय का होडी?"

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी साडेनवापासून. सरांनाही. माझ्या लपवाछपवीचे चार तास मी एकटाच लपून बसलो होतो, तेही भर उन्हात, सगळ्यांच्या मधोमध. सगळे हसायला लागल्यावर पाइप डगमगायला लागला तसे सर म्हणाले, "हसायचं नंतर. जड आहे."

दोनला नळाला पाणी आलं. आधी खोकला आल्यासारखं, मग सलग. मला कोणी एक शब्द बोललं नाही आणि माझी खात्री पटली की आपण घरी चाललो.

पुढचे तीन आठवडे मी निरोप घेत होतो. तळ्यावर जायचो, बर्फातल्या निळ्या फटींकडे बघायचो. घरी काय सांगायचं त्याच्या चार तऱ्हा पाठ केल्या होत्या, चारही फ्लेक्सखाली आल्यावर आठवणार नाहीत अशा. फेब्रुवारीच्या मध्याला जेवणानंतर सरांनी हिवाळ्यात राहणाऱ्यांची यादी वाचली. मेकॅनिक म्हणून माझं नाव.

माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा नळाचा नव्हे, यानंतरचा. मी उठून सरांच्या मागे गेलो आणि म्हणालो, "सर, चूक झाली काय? तो माझ्यापेक्षा चांगला मेकॅनिक आहे."

"आहे," सर म्हणाले.

"मग?"

"घरी त्याचं बाळ दोन महिन्यांचं आहे. तो विचारणार नाही, म्हणून मी विचारलं. जायला तयार आहे." मग जरा थांबून, "आणि या स्टेशनात त्या नळाला सगळ्यात जास्त कोण घाबरतं?"

"मी."

"हिवाळ्यात मला तिथे तोच माणूस हवाय. नळ वर्षभर तुझ्याकडे. दर सहा तासांनी फेरी. आणि एक. त्या दिवशी तुला चार तास लागले. हिवाळ्यात चार मिनिटांत सांगायचं."

"हो सर."

विमान निघालं त्या दिवशी केरळवाल्याने मला त्याचं पुस्तक दिलं. जागोजागी पेन्सिलने खुणा केलेल्या. त्याने फोटो काढला नाही, मिठी मारली नाही. म्हणाला, "दोन नंबरचा जनरेटर सकाळी खोकतो. आधी ऐकून घे, मग हात लाव." मग विमान वर गेलं, त्याचा आवाज फार वेळ ऐकू येत राहिला, आणि तो संपल्यावर आम्ही थोडेसे लोक त्या पांढऱ्या सड्यावर उभे. आता नऊदहा महिने कोणी येणार नाही. आचारी म्हणाला, "चल, कोकण्या. भाकरी थापतो. तुझे बोंबील काढ." सुंभाचं भेंडोळं उस्तादांनी पाटीच्या खिळ्याला अडकवून ठेवलं होतं. जॅकेटला तिथे जागा राहिली नाही.

रविवारी घरी फोन लागला. आवाज दोन-तीन सेकंद उशिरा पोचतो, त्यामुळे आईशी पहिल्यांदाच मला पूर्ण वाक्य बोलता आलं.

"जेवलास काय?"

"जेवलो. आई, मला ठेवून घेतलंय वर्षभर."

"ते आधीच ठरलंय ना? देवाला सांगितलंय आम्ही." दुसऱ्या पानाबद्दल मी घरी कधी बोललोच नव्हतो. "काम काय देतात?"

"जनरेटर. आणि एक नळ आहे. तो चालू आहे का ते बघायचं."

"बंद आहे का ते, असं म्हण."

"नाही, चालू. दिवसरात्र चालूच ठेवायचा. बंद केला तर पाणी गोठतं."

दोन सेकंद झाले. तीन झाले. चार झाले. मला वाटलं लाईन गेली.

"दिवसरात्र?" आईचा आवाज आला. "उघडा?"

"हो. पाणी परत तळ्यात जातं, आई. वाया नाही जात."

रत्नागिरी तालुक्यातल्या एका ओटीवर काय चाललं असेल ते मला इथून दिसत होतं. मग ती म्हणाली, "बरं. मोठे लोक सांगतात तर नको बंद करूस. पण खाली कळशी तरी ठेव."

संध्याकाळच्या फेरीला मी आचाऱ्याकडून स्टीलचं एक पातेलं मागून घेतलं. कळशी इथे नाही. धारेखाली ठेवलं, भरेपर्यंत उभा राहिलो, आणि चहाला त्याच्याकडे नेऊन दिलं. तेव्हापासून रोज नेतो.